कोपर

डिसेंबरची पहाट, गंगापूर नाका.
आम्ही चौघं अंगठ्यानं टायर दाबून बघतोय,
द्राक्षाचा व्यापारी मणी दाबतो तसं,
भाव न सांगता.

दौलत मौले सातपूरच्या लेथवरून थेट आलेला,
रात्रपाळीचं ग्रीस अजून नखांत.
फिरोज अत्तार, ज्याच्या मेडिकलमधून
ओआरएसची पाकिटं आम्हाला उधारीवर मिळतात.
मी, झेडपीच्या शाळेतला मास्तर,
वय सेहेचाळीस, डावा गुडघा त्याहून मोठा.
आणि हिरामण बेंडकुळे, एकोणीस वर्षांचा,
पाण्याच्या बाटलीसकट छप्पन्न किलो.

ठरलंय एवढंच:
वाघेरा घाटाच्या पायथ्यापर्यंत वारा आमचा.
घाट त्याचा.

शर्यतीत काय काय दिसतं, वर्गातली पोरं विचारतात.
पुढच्याचं मागचं चाक दिसतं, बाळांनो.
वीतभर अंतरावर.
आणि खिशातून डोकावणारा राजगिऱ्याचा लाडू.
बाजूला कुठंतरी धरण असतं म्हणे,
ते मी रविवारी बायकोबरोबर बघतो.

पुढून हाक येते, खड्डा! वाळू! कुत्रं!
हाक एकेका तोंडातून मागे सरकते.
शेवटच्यापर्यंत पोचते तेव्हा
कुत्रं केव्हाच शेतात गेलेलं असतं.

पुढच्याचा दम संपला की तो बोलत नाही,
बोलायलाही हवा लागते.
तो फक्त कोपर हलवतो,
माशी उडवावी इतकंच.
म्हणजे, आता तू.
मग बाजूला होऊन रांगेच्या कडेकडेनं
मागे मागे येतो,
आणि शेवटच्या चाकाशी चिकटतो
लाज न बाळगता.
पायडल मारायला मी लहानपणी शिकलो.
ही लाज सोडायला दोन वर्षं लागली.

दुगावपासून वारा समोरून.
निळ्या जर्सीतला एक पाहुणा
केव्हापासून आमच्या सावलीत बसलाय.
फिरोज अदबीनं म्हणतो,
‘भाऊ, थोडं वारंही खा, फुकट आहे.’
तो हसतो. पुढे येत नाही.

गिरणाऱ्याला टोमॅटोची क्रेटं रस्त्यापर्यंत आलेली.
तिथं दौलतनं शेवटचं कोपर हलवलं
आणि इतका मागे गेला
की पुन्हा दिसलाच नाही.

घाट दोन किलोमीटरवर असताना
हिरामणचं पुढचं चाक बसलं.
नंतर सगळ्यांना सांगितलं, क्षणाचाही विचार केला नाही.
केला होता.
यंदा पहिल्या तिसांत येईन असं वाटत होतं,
हे घरीसुद्धा बोललो नव्हतो.
मग उतरलो, माझं चाक काढलं, त्याला दिलं.
फिरोज त्याला ओढत घेऊन गेला.

मोरीच्या कठड्यावर बसलो.
शेळ्या घेऊन एक मुलगी आली.
‘हारले का?’
‘वर गेल्यावर कळेल.’
‘हे चाक कोणाचं?’
‘बेंडकुळेचं.’
‘मंग तुमचं कुठंय?’
मी घाटाकडे बोट केलं.
तिनं घाट बघितला, मला बघितलं,
आणि शेळ्या जरा लांबून नेल्या.

हिरामण चौथा आला.
बक्षिसं तीन.
निळी जर्सी दुसरी.
कुणी काही बोललं नाही. फिरोजनं वडापाव घेतले,
ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं असं
दोघं तिघं म्हणाले.

परतीला वारा फिरला, तोही समोरूनच.
दौलत गिरणाऱ्याला चहाच्या टपरीवर झोपलेला सापडला.
त्याला उठवून सर्वांत मागे ठेवला.
हिरामण न विचारता पुढे लागला.
दुगाव गेलं. गोवर्धन आलं.
त्याची मान खाली, पाठीवर मिठाचे नकाशे.
मी मागून ओरडलो,
‘हलव की रे आता!’
पोरगं बहिरं झालं होतं.
कोपर जागचं हललं नाही.