दावा क्रमांक एक

बाबांच्या उजव्या हाताला दोनच बोटं उरली होती,
अंगठा आणि करंगळी.
बाकीची तीन अरोसाच्या खाडीत,
दोरखंड आणि कप्पीच्या मध्ये
एका नोव्हेंबरात राहिली.
हातावर पोट, आणि हात असा.

म्हणून त्यांनी तो चाप केला.
आधी निलगिरीच्या लाकडाचा, मग पितळेचा,
मग माझ्या मोडक्या सायकलच्या ब्रेकमधली स्प्रिंग घालून.
अंगठ्यानं दाबायचा, करंगळीनं ओढायचा,
की काळ्या शिंपल्यांनी लगडलेला बारा मीटर दोर
तराफ्यावरून मुकाट सुटायचा.

विगोच्या वकीलबाई किंतेला म्हणाल्या,
‘बोटं किती ते लिहू नका. दावा अरुंद होतो.’
मग एकेचाळीस पानांत बाबा कुठंच राहिले नाहीत.
‘वापरकर्ता’ आला.
‘लवचीक घटक (७)’ आला,
म्हणजे माझी सायकल.
आकृती तीनमध्ये चाप हवेत तरंगतो,
त्याला कुणी धरलेलंच नाही.

अर्जाची फी. नकाशे काढणाऱ्याची फी.
आणि शोधाच्या शोधाची फी:
आम्हाला जे सापडलं
ते आधी कुणाला सापडलं नव्हतं ना,
हे बघायचे वेगळे पैसे.
जर्मन भाषांतर पानागणिक, फ्रेंच पानागणिक.
आईनं विचारलं, जर्मनीत शिंपले धरतात का?
बाबा म्हणाले, माहीत नाही. चोर तरी असतील.

त्या पानांपायी दुसरा तराफा गेला,
चुलतभाऊ लोइसनं घेतला,
भाव न पाडता घेतला, हे सांगायला हवं.
उरलेल्या तराफ्यावर
चापाला अर्धंच काम राहिलं.

पुढं दरसाल भरायचे,
दरसाल थोडे जास्त.
आई म्हणायची, वयाबरोबर भूक वाढणारं पोर आहे हे,
कमावतं कधी होणार ते तेवढं बोलत नाही.

सातव्या वर्षी निळ्या प्लास्टिकचे चाप आले.
वकीलबाईंनी एका कागदावर
लढायचा आकडा लिहिला आणि कागद आमच्याकडं फिरवला.
बाबांनी तो वाचला,
पेन त्यांचं त्यांना परत दिलं.
आठव्या वर्षाची तारीख
आम्ही जेवत असताना गेली.
कुणी घड्याळाकडं पाहिलं नाही,
म्हणजे सगळ्यांनीच पाहिलं.

एप्रिलमध्ये लोइसच्या तराफ्यावर,
आमच्याच जुन्या तराफ्यावर,
निळ्या चापांची रांग लागली.
बाबा धक्क्यावरच्या दुकानातून एक घेऊन आले,
दोन युरो देऊन, पावतीसकट.
स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली उलटसुलट करून पाहिला.
अंगठ्यानं दाबला.
करंगळीनं ओढला.
पुन्हा दाबला.

उघडेना.

मग त्यांनी तो माझ्यापुढं सरकवला.
मी पाची बोटांनी धरला,
आणि तो लगेच उघडला.