ताहिनास्ते

पहिलं रोप तू पाण्यानं मारलंस, आनिबाल.
रोज संध्याकाळी नळी धरून उभा राहायचास,
जणू कुणाची तरी माफी मागतोयस.
मूळ कुजलं. वासावरूनच कळलं.

दुसऱ्याला मी तुला हात लावू दिला नाही.
ज्वालामुखीची काळी खडी पसरली वीतभर
आणि म्हटलं, आता विसर.
रात्री खालून ढग चढत येतो,
खडी त्याचं काय असेल नसेल ते पिऊन घेते.
आमच्या विलाफ्लोरला पाणी असंच येतं,
कुणाला न दिसता.

वर्षभर ते नुसतं बसून होतं.
जमिनीला चिकटलेलं, रुपेरी, केसाळ,
भिजून वाळलेल्या कुत्र्यासारखं.
तू विचारायचास, आत्या, हे मेलंय का?
मी म्हणायचे, कामाला गेलंय.

फेब्रुवारीत आफ्रिकेची धूळ आली,
तीन दिवस सूर्य म्हणजे पिवळी बशी.
नेस्तोरच्या टोमॅटोंनी माना टाकल्या.
यानं पानांवरची धूळ
झटकलीसुद्धा नाही.

तुझा बाप काराकासला निघाला तेव्हा
मी एकवीस वर्षांची होते.
बंदरावर म्हणाला, दोन वर्षांत येतो.
दोन वर्षं म्हणजे काय असतं
मला कुठे ठाऊक होतं.

एप्रिलमध्ये मधूनच काहीतरी उठलं.
आठवड्याला हातभर.
तू दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं खुणा करायला लागलास,
लहान मुलाची उंची घ्यावी तशा.
चौकट संपली.
मेमध्ये तीन मीटर लाल, नुसतं लाल,
आणि मधमाश्या इतक्या
की मागची भिंतच गुणगुणतेय असं वाटावं.
त्यांच्या पायांना निळे पराग.
लालातून निळं कसं निघतं, तू विचारलंस.
मला काय माहीत. तेहतीस वर्षं मी बस चालवली.

जुलैत ते उभ्या उभ्या मेलं.
तू कुदळ आणलीस.
म्हटलं, थांब, सांगाडा राहू दे,
वाऱ्याचं त्याच्याकडे अजून काम आहे.
तू काही बोलला नाहीस. कुदळ मात्र
दोन दिवस तिथेच पडून होती.

काल तुझ्या शर्टाच्या खिशात बिया सापडल्या.
धुतलेला शर्ट, इस्त्रीसुद्धा झालेली.
तू त्या बशीत काढून
खिडकीत ठेवल्यास,
पाणी न घालता.