बेसिनजवळचा टॉवेल

सकाळी वॉर्डात शिरले की
मला आधी माणसं दिसत नाहीत, हात दिसतात.
घड्याळ घातलेले, अंगठ्या घातलेले,
मोबाईलवरून सरळ सलाईनच्या नळीकडे निघालेले.
मी वहीत खूण करते. मोठ्या डॉक्टरांचीसुद्धा.
'आल्या सीआयडी,' वॉर्डबॉय शिवप्पा पुटपुटतो,
आणि साबणाचा वास माझ्यापुढे धावत जातो.

विडी घरकुलात आमच्याकडे पाणी पाचव्या दिवशी यायचं.
तंबाखूनं पिवळी पडलेली बोटं
आई एका तांब्यात धुवायची,
नखं, बेचकी, मनगट, पुन्हा नखं.
ट्रेनिंगमध्ये हात धुण्याच्या पायऱ्या शिकवल्या
तेव्हा बहुतेक मला येतच होत्या.

मार्चमध्ये आयसीयूत चौघांच्या रक्तात
एकच जंतू निघाला.
मी कापसाच्या काड्या फिरवल्या
नळांवर, खाटांच्या कठड्यांवर, स्टेथोस्कोपवर,
लॅबवाले कंटाळले.
आठव्या दिवशी कळलं:
बेसिनजवळचा टॉवेल.

अस्सल सोलापुरी. निळ्या काठाचा, जाड, मऊ.
भूमय्या कोंड्याल यांनी दिलेला,
बायको बरी होऊन घरी गेली त्या आठवड्यात,
बारा डझन, स्वतःच्या मागावरचे,
काठात विणून घेतलेलं, 'सप्रेम'.
नीट धुतलेले सगळे हात
दिवसभर त्या एकाच ओलसर सप्रेमात
पुसले जात होते.

चिमट्यानं उचलला. पिवळ्या पिशवीत टाकला.
पाचवा पेशंट झाला नाही.
तीन नंबरच्या अनसूयाबाई मात्र आधीच गेल्या होत्या.
कागदावर कारण हृदय आहे.
माझ्या वहीत वेगळं.

काल कोंड्याल आले, बायकोचं ड्रेसिंग बदलायला.
बाहेर त्रेचाळीस डिग्री,
त्यांच्या बाहीला सुताचं पांढरं तूस.
रिकाम्या खुंटीकडे बघत म्हणाले,
'सिस्टरम्मा, संपले काय टॉवेल?
अजून टाकतो ना चार डझन, माग चालूच आहे.'

मला खरं सांगायचं होतं.
म्हणाले, 'द्या. पण छोटे द्या,
हातरुमालाएवढे.
एकानं एकदाच पुसायचा, की गेला धुवायला.'

ते मनात ताणा-बाणा मोजत राहिले.
'मग काठात सप्रेम मावणार नाही हो.'

'राहू द्या,' मी म्हणाले.
तेवढ्यात त्यांचा हात
खिशातून निघून बायकोच्या जखमेवरची
सुटलेली पट्टी दाबायला निघाला होता.
'थांबा,'
मी नळ सोडला.