परत

गुप्ते साहेबांचा नियम होता: फंक्शनला दार एकच,
तेही अगदी शेवटी.
म्हणून त्यांच्या विश्वामित्रीच्या प्रोग्रॅममध्ये
जरच्या पोटात जर, त्याच्या पोटात आणखी एक,
सात पायऱ्या उतरल्यावर खरा हिशेब,
आणि वर यायला
एंड, एंड, एंड, एंड, एंड, एंड, एंड.

ऑगस्टातली रात्र. काळ्या घोड्याजवळच्या पुलाखालचं मोजयंत्र गप्प.
कनुभाई टॉर्च घेऊन जाऊन आले.
"बेन, वर मगर बसलीय."
साहेबांच्या काळात मगर कधी बसली नव्हती,
किंवा बसलीही असेल.

मी पायऱ्या उचकटल्या. प्रश्न उंबऱ्यावरच विचारले.
आकडा आला का? नाही. परत.
आकडा उणे आहे? परत.
घड्याळ कालचं दाखवतंय? परत.
उरलं ते सरळ, डाव्या कडेला लागून,
दम न लागता वाचता येईल असं.

चालवलं. लाल ओळ आली: उत्तर ठेवलेलंच नाही.
या भाषेत 'परत'च्या हाती काही देता येत नाही.
नावावर आधी ठेवलं असेल तेच बाहेर जातं,
ठेवलंच नसेल तर बोंब.

म्हणून सगळ्यात वर एक ओळ.
पातळी बरोबर शून्य?
बोट थांबलं.
शून्य म्हणजे नदी कोरडी. शून्य म्हणजे समाच्या लोकांनो, झोपा.
मी नॅन लिहिलं: आकडा नाही.
त्यात काहीही मिळवा, तो तसाच राहतो,
स्वतःच्याही बरोबरीला येत नाही.

दांडिया बाजारात, मामांच्या दिवाणखान्यात
तिसऱ्या प्रश्नाला मी उठले होते.
"बदली मागून घ्याल ना?"
चहा अजून यायचा होता.
जिन्यात चपला चढवताना आईचा आवाज आला,
"लाजाळू आहे हो."
नावावर काही न ठेवता उठले,
मग ज्याच्या हाताला जे लागलं ते त्यानं भरलं.
लाजाळू. शिष्ट. असेल कुणीतरी दुसरा.
नऊ वर्षं झाली, प्रत्येक मुंजीत
तीच किंमत पुढे सरकतेय.
उठण्याबद्दल मला अजूनही काही म्हणायचं नाही.
आधी एवढंच म्हणायला हवं होतं:
माहीत नाही.

पावणेतीनला मगर हलली असावी.
एकोणीस पूर्णांक चार फूट.
आकडा तिन्ही प्रश्नांतून सरळ शेवटपर्यंत गेला.
कनुभाईंनी थर्मास उघडला.
चहात आलं फार होतं.
थांबले.