पत्रक, दुरुस्त प्रत

विद्यापीठाकडून नमुना आला होता,
बारा पानी, कडेला निळी रेघ.
रिकाम्या जागी आपलं नाव घालायचं
आणि विषय: डेटा ॲनालिसिस,
निम्मे तास वर्गात, निम्मे मोबाइलवर.

गेल्या वर्षी मी तो तसाच वाटला.
उपस्थिती पंचाहत्तर टक्के.
कॅमेरा सुरू असावा.
उशिरा आलेल्या कामाचे दिवसाला दहा गुण कमी.
मुलांनी तो चारघडी करून गाइडात ठेवला,
जायचं नसलेल्या लग्नाची पत्रिका
ठेवतात तसा.

शनिवारी मूलच्या कॉलेजात
वीस कॉम्प्युटर, त्यातले तेरा चालू.
लाइन गेली की यूपीएसची चीची
आणि सगळ्यांचं एकदम, सेव्ह करा बे, सेव्ह करा.
बुधवारी रात्री आठला
एकोणतीस काळे चौकोन,
एकेकाच्या पोटात नावाचं पहिलं अक्षर.
कधी एखादा बोलायचा:
मागे बेडूक, मागे कुकर,
मागे कुणीतरी, 'काहून, दार लाव ना.'

प्रकल्पासाठी प्रणोती नान्हेनं
मच्छीमार संस्थेची वही आणली,
गावच्या तलावाची, चार वर्षांची.
पानांना वास होता. त्याला रकाना नव्हता.
तारीख, मासा, किलो, सही.
रोहू. कतला. मरळ.
मधेच सतरा दिवस कोरे.

अश्विन गुरनुलेनं तिथे शून्य टाकलं.
नाझनीननं सरासरी.
दोघांचे आलेख मी भिंतीवर लावले:
एक विहिरीत पडलेला,
एक इस्त्री केलेला.
खरा कोणता?

प्रणोती उभी राहिली नाही. बसूनच म्हणाली,
'मासोऱ्या होत्या सर. काटा नोता.
काटा चंद्रपूरले दुरुस्तीले गेलता.'

वर्ग हसला. मीही.
मग फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं,
कोरी चौकट म्हणजे शून्य नाही,
आणि खाली दोन रेघा ओढल्या.

त्याच रात्री हजेरीचा तक्ता घेऊन बसलो.
नान्हे, प्रणोती.
बुधवार शून्य. बुधवार शून्य. बुधवार शून्य.
सगळी माझ्याच हातची,
गोल, गुबगुबीत.

पुढच्या शनिवारी विचारलं.
गावात टॉवर दिसतो, रेंज लागत नाही.
रेंज तलावाच्या पाळीवर लागते,
आणि रात्री आठला पाळीवरून वाघ जातो.
तिनं हे तक्रार म्हणून सांगितलं नाही,
वेळापत्रक म्हणून सांगितलं.

यंदाचं पत्रक घरी लिहितोय, एकाच पानात.

बुधवारचा तास दुपारी चारला.
तोही चुकला तर शनिवारी पेनड्राइव्ह आणा,
रिकामा आणा, लग्नाचे व्हिडिओ काढून.
कॅमेरा बंद चालेल.
उशीर झाला तर शेवटच्या रकान्यात
एका ओळीत कारण लिहा.
कारणाला गुण नाहीत,
पण ते पुसू नका.
दुसऱ्याचा आलेख चिकटवलात तर मला कळेल;
सगळ्या गावांतले काटे
एकाच दिवशी बिघडत नाहीत.
माझं चुकलं तर वर्गातच सांगा.
उभं राहायची गरज नाही.

पंचाहत्तर टक्क्यांची ओळ मात्र
मला हलवता येत नाही. ती छापूनच येते.

मागच्या सत्राचा तक्ता अजून उघडा आहे,
परीक्षा विभागाला उद्या हवा.
मी नान्हेच्या रांगेतलं पहिलं शून्य खोडतो.
चौकट लाल होते. कृपया अंक भरा.
दुसरं खोडतो. कृपया अंक भरा.
तिसरं.

बायको विचारते, झालं का?
नाही म्हणतो,
आणि रांग तशीच लाल ठेवून
दिवा बंद करतो.