ग्राहकाचं नाव

बिल येतं फाउस्तो चोकेवांकाच्या नावाने.
अकरा घरं, मीटर एक,
आणि फाउस्तोला जाऊन झाले चौदा महिने.

कंपनीला कुणी कळवलेलं नाही.
कळवलं तर तार काढून नेतील,
आणि त्या तारेवर टांगलंय बरंच काही:
हेर्मेलिंदाचं शिलाई मशीन,
बेनितोचं दम्याचं वाफेचं यंत्र,
खालच्या वळणावरचा तो फ्रीज,
ज्यात चार घरांची मासळी शेजारीशेजारी झोपते
आणि कुठली कुणाची यावरून दर रविवारी भांडण.

हिशेब माझ्याकडे. वही शाळेची, चौकोनी रेघांची.
ज्याच्याकडे इस्त्री त्याने जास्त द्यायचं.
ज्याच्याकडे एकच दिवा, तो म्हणतो
माझा दिवा लहान आहे.

लीमाच्या या टेकडीवर वीज आधी चढली.
तिला पाय लागत नाहीत.
पाणी जड. पाणी टँकरने येतं,
मंगळवारी, नाहीतर गुरुवारी,
कधी खालूनच हॉर्न वाजवून परत फिरतं,
कारण ओलेगारिओचा क्लच घसरतो
आणि आमचा चढ त्याच्या टायरांना पाण्यात पाहतो.

निळी पिंपं कडेला उभी, पोटावर रंगवलेली आडनावं.
पाइप आत सोडला की ओलेगारिओ बघत नाही,
नुसता ऐकतो.
भरत आलेल्या पिंपाचा आवाज बारीक होत जातो,
तेवढ्यात बंद. वर एक ओंजळ नाही.

माझी बहीण खाली नळवाल्यांकडे घरकाम करते.
तिथे गाडी धुतात, कुत्रा धुतात,
आणि महिन्याचं पाणी आमच्या तीन पिंपांच्या भावात.
काही लोक पैसा पाण्यासारखा खर्चतात म्हणे.
आम्ही पाणी पैशासारखं मोडतो:
आधी तांदूळ, तेच मग भांडी,
तेच दारातल्या मातीवर, धूळ बसायला,
आणि तळाशी उरलं तर डब्यातल्या जिरॅनियमला.
बिचारं साबण पिऊन फुलतं.

जूनपासून समुद्राचं धुकं वर येतं.
गाद्या ओल्या, वह्या ओल्या, पोरांच्या छात्या ओल्या,
पाऊस मात्र नाही.
"चार महिने पाण्यातच तर राहतो," फाउस्तो म्हणायचा,
आणि त्याने दोन खांबांना जाळी बांधली होती, धुकं पकडायला.
सकाळी अर्धी बादली. गंजाची चव.
तरी घरोघरी पेला पेला वाटली त्याने,
लग्नातल्यासारखी.

मग नळयोजनेचा माणूस आला.
जॅकेट, फाइल, पुसलेले बूट.
राहत्या पत्त्याचा पुरावा हवा, म्हणाला, विजेचं बिल चालेल.
दिलं.
"चोकेवांका कोण?"
ग्लोरिंदा शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली,
"बाहेर गेलेत."
"सहीला लागतील."
"येतील."
"घरात माणसं किती?"
तिने बोटांवर मोजली
आणि एक जास्त सांगितलं.

त्या रात्री वहीच्या मागच्या पानावर
मी त्याची सही गिरवली, जुन्या पावतीवरून.
एफची शेपटी, मधला गुंता, शेवटचा ठिपका.
बाराव्या वेळी जमली.
हेर्मेलिंदा म्हणाली, पाप आहे हे.
थोड्या वेळाने म्हणाली,
शेपटी जरा लांब काढायचा तो.

अर्ज गेलाय. चुन्याची एक रेघ मारून गेलेत,
इथून पाइप जाईल म्हणून.
वाऱ्याने पुसली की पोरं परत मारतात,
दर वेळी आपापल्या दाराच्या थोडी जवळ.

काल बिल आलं. ग्लोरिंदा आधी वाचते, नेहमीसारखं.
खाली छापलेलं असतं:
वेळेवर भरणा केल्याबद्दल आपले आभार.
तिने घडी घातली,
खिळ्यावर टांगलेल्या त्याच्या शर्टाच्या खिशात
क्षणभर ठेवली,
मग काढून मला दिली.

"आमचा वाटा किती?"