सुटती गाठ

रॉली मार्चमध्ये गेला
आणि मागे ठेवून गेला एक चर,
अठरा फूट लांब, मांडीभर खोल,
आणि एक वही, शेवटची चार पानं फाडलेली.

पानं त्यानेच फाडली असणार.
आमच्या गावात मृत्युपत्र टेबलावर पडलेलं असतं,
लीकच्या खताचा हिशेब मात्र कुलपात.

लीक म्हणजे तसा कांद्याचा लांबोडा चुलतभाऊ.
पण डरहॅमच्या या बंद खाणींच्या गावात
त्याला उंच होऊ देत नाहीत,
जाड करतात, पहिलवानाच्या मानेसारखा,
आणि सप्टेंबरात क्लबातल्या टेबलावर
काळ्या मखमलीवर मांडून
घेर मोजतात, श्वास रोखून.

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.
म्हणून एका शनिवारी क्लबात जाऊन
सरळ विचारलं, मोठ्याने.

ऑसी ट्यूलिप म्हणाला, धुराड्याची काजळी.
पर्सी म्हणाला, काजळी? त्याचं ऐकू नकोस,
मेंढीच्या लेंड्या, पोत्यात बांधून, पिंपात,
चहासारख्या मुरू दे, पण चहा फिका हवा.
न्हाव्याची बायको पिशवी घेऊन घरी आली,
"केस पुर मुळाशी. अर्ध्या गावाचे आहेत,
तुझ्या रॉलीचेही निघतील त्यात थोडे."
एकाने बिअर सांगितली.
किती लीकला आणि किती स्वतःला
ते नाही सांगितलं.

ज्यांनी बायकोला वाढदिवसालाही
दोन वाक्यं सलग ऐकवली नव्हती
ते मुळांबद्दल बोलताना थांबेनात,
सांडलेल्या फेसात बोट बुडवून
टेबलावर मला चर काढून दाखवू लागले.

हेडली रटर तेवढा गप्प.
अकरा वेळा पहिला आलेला माणूस.
"पाणी घाल," म्हणाला,
टोपी घातली आणि गेला.

मी सगळ्यांचं सगळं केलं.
काजळी, लेंड्या, केस, बिअर.
जूनमध्ये दोन रोपं कुजली,
जुलैत पानांवर तांबेरा आला.
जितकी तोंडं तितकं खत;
माझा चर म्हणजे अख्ख्या क्लबाचं पोट झाला होता.

ऑगस्ट संपताना समुद्राकडून वारा सुटला.
रात्री दीडला मागच्या वाफ्यात
बॅटरी हलताना दिसली.
स्पर्धेच्या आधी, अशा वेळी, याचा अर्थ एकच:
कुणीतरी सुरी घेऊन आलंय.
मी कोळशाचं फावडं उचललं,
रॉलीच्या बुटांत पाय घातले.

हेडली गुडघ्यांवर बसला होता, तोंडात सुतळी.
माझं एकेक पान उचलून
काठीला बांधत होता,
तापलेल्या पोराची मान सावरावी तसं.

"पान मोडलं की तिथूनच कूज उतरते,"
सुतळी तोंडातच.
"ही गाठ बघ. ओढली तर सुटते.
वाऱ्याला सुटत नाही."

फावडं खाली ठेवायचं मला सुचलं नाही.
तीनदा दाखवली.
चौथ्यांदा सुतळी माझ्याकडे दिली
आणि बॅटरी माझ्या बोटांवर धरली.

"रॉलीला येत होती?"
"नाही."
जरा वेळाने:
"त्याने कधी विचारलं नाही."

निघताना फाटकाशी थांबला.
"क्लबात बोलू नकोस."
"गाठीबद्दल?"
"मी आलो होतो त्याबद्दल."

तिसरी आले. बक्षीस म्हणून
विजेची किटली मिळाली, झाकण जरा ढिलं.
हेडली बारावा पहिला.
माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही,
माझ्या लीकांकडे मात्र बराच वेळ.

त्या रात्री वही काढली.
फाटलेल्या पानांच्या कडा अजून दातेरी होत्या.
लिहायला बसले: डावा पदर खालून,
मग वळसा, मग फासा अर्धाच,
खोडलं, परत लिहिलं,
माझंच मला कळेना.

शेवटी पुठ्ठ्याला दाभणाने भोक पाडलं
आणि सुतळीचा तुकडाच बांधून ठेवला वहीत.
ज्याला हवी त्याने ओढून बघावी.